चित्रातील कामकरी शेतकरी : हॉलंडातील आणि आपल्याकडील

बियाणे, खते, बाजारभाव व कीडरोग यांवरील लेखांच्या रांगेत चित्रांविषयी चार पाने दिसताच कित्येक वाचक पान उलटतील, हे प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. तथापि येथे रंगसंगतीची चर्चा करावयाची नाही. ज्या चित्रांत खणणारा, पेरणारा, सरवा वेचणारी, मागावर बसलेला असा कामकरी मनुष्य काढलेला आहे, ती चित्रे पाहून त्या कामाविषयी आपणांस काय कळते, आणि आपल्या मुलखात तशी चित्रे फारशी का निपजली नाहीत, एवढाच विषय आहे. चित्र कलेच्या दृष्टीने उत्तम की मध्यम, हे ठरविण्याचा अधिकार मराठी शाळेत शिकून महसुली दप्तरात जन्म घालविलेल्या माणसास नसेल. परंतु चित्रातला बैल ओढतो आहे की नुसता उभा आहे, हे सांगण्याचा अधिकार ज्याने म्हणून औत धरले त्या प्रत्येकास आहे.

प्रथम हॉलंडकडे वळू. हा देश आपल्या मराठवाड्याहूनही आकाराने लहान आहे. जमीन सखल, पाऊस बारमाही, आणि वाळूमिश्रित भागांत राय नावाचे धान्य व बटाटा ही गरिबांची पिके. या देशात चित्रे काढण्याची व विकत घेऊन घरात लावण्याची चाल फार जुनी. सतराव्या शतकात आद्रियान व्हॅन ओस्टाड याच्यासारख्या चित्रकारांनी खेडुतांची चित्रे पुष्कळ काढली. पण त्यांतील खेडूत बहुधा गुत्त्यात बसलेला, हसणारा, पिणारा किंवा भांडणारा असा आहे. चित्र घेणारा शहरातला व्यापारी; त्यास गावंढळ माणसाची गंमत पाहावयाची होती. शेतकरी शेतात काय करितो याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते.

एकोणिसाव्या शतकात ही दृष्टी पालटली. योझेफ इस्राएल्स (१८२४ ते १९११) हा आरंभी इतिहासातील प्रसंग रंगवीत असे. १८५५ च्या सुमारास तो समुद्रकाठच्या एका कोळीवाड्यात राहिला आणि तेथून पुढे त्याने कोळी, त्यांच्या बायका व त्यांची अंधारी घरे हाच विषय धरला. आंतोन मॉव्ह याने मेंढरांचे कळप, नांगराचे घोडे व ओली शेते काढली. शेजारच्या फ्रान्स देशात झाँ फ्रान्स्वा मिले हा स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याने १८५० साली पेरणारा आणि १८५७ साली सरवा वेचणाऱ्या तीन बाया रंगविल्या, आणि त्या चित्रांचे छाप सर्व युरोपभर पसरले. हा पालट उगाच झाला नाही. हॉलंडात १८३९ साली पहिली आगगाडी धावली. पुढे अमेरिकेतील स्वस्त धान्य जहाजांनी येऊ लागले व १८७० नंतरच्या दशकाअखेर तेथील शेतकऱ्याच्या मालाचा भाव कोसळला. जुने जीवन डोळ्यांदेखत ओसरू लागले, तेव्हा शहरातल्या माणसास त्याची ओढ वाटू लागली. ओढ आणि समज या मात्र दोन निरनिराळ्या गोष्टी होत. या काळातील पुष्कळ चित्रे गोड आहेत, परंतु त्यांतील शेतकरीण शेतात उभी आहे ती चित्रकाराने उभी केली म्हणून.

या सर्वांत ज्याने कामाकडे काम म्हणून पाहिले, तो व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याची सूर्यफुले आज छत्र्यांवर व पेल्यांवरही छापलेली दिसतात. पण शेतकऱ्याने पाहावीत ती त्याची आरंभीची, काळ्या खडूने काढलेली चित्रे. हा एका पाद्र्याचा मुलगा. चित्रांच्या दुकानात कारकुनी, शाळेत मास्तरकी व खाणकामगारांत धर्मोपदेश असे तिन्ही उद्योग करून तिन्हींत अपेश घेऊन १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रे शिकावयास घेतली. शिकला तोही मिलेच्या छापांच्या नकला करून. १८८१ साली एटेन या गावी आईबापांच्या घरी राहून त्याने खणणारे, पेरणारे व विळ्याने गवत कापणारा मुलगा अशी चित्रे काढली. पुढे काही काळ शहरात काढून १८८३ च्या अखेरीस तो नुनेन या खेड्यात आला व तेथे सुमारे दोन वर्षे राहिला.

नुनेनमध्ये त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८८४ साली महिनोन्महिने तो विणकरांच्या झोपड्यांत बसे. हे विणकर अर्धवेळ शेतकरीच होते. माग घरात असे, आणि तो इतका मोठा की घर मागासाठी आहे की माणसांसाठी असा प्रश्न पडावा. त्या चित्रांत माग पुढे व स्पष्ट आहे, माणूस त्याच्या लाकडांच्या आत अडकल्यासारखा लहान. एका जुन्या ओक लाकडाच्या मागावर १७३० हा आकडा कोरलेला त्यास आढळला व त्याने तो आपल्या पत्रात नमूद केला. दीडशे वर्षे एकच माग चालला ही गोष्ट त्याच्या लक्षात आली, कारण तो मागाकडे पाहत होता. पैठणी आपल्याकडे कपाटात जपली जाते. ज्या मागावर ती झाली त्याचे चित्र कोणी घरात लावल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पुढे १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने नुनेनच्या शेतकरी स्त्रीपुरुषांचे चेहरे काढले; ते थोडेथोडके नव्हेत, चाळिसांच्या आसपास. त्यांतून १८८५ च्या वसंतात ‘बटाटे खाणारे’ हे चित्र तयार झाले. छताला टांगलेला एक दिवा, त्याखाली पाच माणसे, मध्ये उकडलेल्या बटाट्यांचे ताट. भावास लिहिलेल्या पत्रात त्याने या चित्राचा हेतू सांगितला आहे. त्याचा आशय असा की, जे हात ताटात जात आहेत त्याच हातांनी जमीन खणली आहे, हे पाहणाऱ्यास कळावे. आणि हे अन्न त्यांनी प्रामाणिकपणे मिळविले आहे, हेही कळावे. चित्र काळपट आहे, चेहरे ओबडधोबड आहेत. त्याच्या ओळखीच्या एका चित्रकाराने यावरून त्यास पुष्कळ बोल लावले.

त्या टीकेनंतरच्या उन्हाळ्यात त्याने जी मोठमोठी चित्रे काळ्या खडूने काढली, ती आमच्या मते या सर्व विषयाचे सार आहेत. कापणी करणारा मनुष्य पाठमोरा, कोयता फिरविताना कमरेत वळलेला. पेंढी बांधणारी बाई गुडघा पेंढीवर दाबून. सरवा वेचणारी स्त्री तर इतकी वाकलेली की चेहरा दिसतच नाही. दिसते ती रुंद पाठ, घागऱ्याचा घेर, आणि जमिनीपर्यंत पोचलेला हात. ज्याने खळ्याकाठी किंवा काढून नेलेल्या रानात म्हाताऱ्या बाईस कणसे वेचताना पाहिले आहे, त्यास ही बाई परकी वाटणार नाही. चेहरा न काढता माणूस ओळखू यावा, ही गोष्ट चित्रकारास सोपी नाही असे जाणते सांगतात. आम्हांस एवढे कळते की त्या पाठीला काम माहीत आहे.

याच उन्हाळ्यात त्याने भावास आणखी एक मुद्दा लिहिला. जुन्या थोर डच चित्रकारांमध्ये खणणारा किंवा पेरणारा असा एक तरी मनुष्य दाखव, असे त्याचे म्हणणे. शिकवणीच्या पद्धतीने काढलेली आकृती बिनचूक असते, परंतु ती आकृती काम करीत नाही. आणि शेतकऱ्याचे चित्र काढावयाचे तर तो कामात असताना काढले पाहिजे. लेखकाच्या मते ही कसोटी कोणाही शेतकऱ्यास लावता येण्यासारखी आहे. चित्र पाहावे आणि स्वतःस विचारावे : या ठेवणीत मी हे काम अर्धा दिवस करू शकेन काय? खणणाऱ्याचे वजन कोणत्या पायावर आहे? कुदळ वर गेली तेव्हा दुसरा हात कोठे सरकला? उत्तर जुळले तर चित्रकार बांधावर उभा राहिला होता. न जुळले तर तो खोलीतच बसला होता.

नुनेनच्या लोकांनी त्यास काय मानले हेही सांगावयास हवे, नाही तर हे चित्र फार सुरेख होईल. तो चित्रासाठी बसणाऱ्यांस पैसे देई, आणि त्या पैशांचा त्या घरांस उपयोगही होई. परंतु १८८५ च्या पावसाळ्याअखेर तेथील एका पाद्र्याने आपल्या लोकांस त्याच्यापुढे बसू नका असे बजाविले, व त्याच वर्षाअखेर तो गाव सोडून गेला. ज्यांची चित्रे काढली त्यांच्या घरांत ती राहिली नाहीत. आज ती अ‍ॅमस्टरडॅम व ओटर्लो येथील संग्रहालयांत काचेमागे आहेत.

आता आपल्याकडे पाहू. त्याच शतकात हिंदुस्थानात कष्टकरी माणसांची चित्रे निघाली नाहीत असे नाही. ती तर ढिगांनी निघाली. कंपनी सरकारच्या साहेबांस मायदेशी नेण्यासाठी देशी चितारी जातीजातींच्या व धंद्याधंद्यांच्या चित्रांचे संच करून देत. त्यांची मांडणी ठरलेली असे : एक पुरुष, एक स्त्री, हातात धंद्याचे हत्यार, मागे कोरी जागा किंवा दोन झुडपे. कुंभार म्हणजे हातात मडके, सुतार म्हणजे हातात तासणी. पुढे फोटोग्राफीचे यंत्र आले तेव्हाही तीच रीत चालली. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘हिंदुस्थानचे लोक’ या अर्थाच्या नावाचे आठ खंड इंग्रजीत निघाले. त्यांत निरनिराळ्या जातीजमातींचे लोक यंत्रापुढे उभे किंवा बसविलेले आहेत. १८५७ च्या धामधुमीनंतर राज्यकर्त्यास प्रजा ओळखून ठेवावयाची होती, हे त्यावरून दिसते. दप्तरात ज्याने आयुष्य काढले त्यास ही नजर परिचयाची आहे. खातेदार कोण, जात कोणती, क्षेत्र किती, आकार किती. ही माहिती खोटी नसते. पण तिच्यात माणूस हललेला नसतो.

मुंबईस १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली, आणि १८६५ साली तेथे दोन इंग्रज शिक्षक आले : जॉन लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स. किपलिंग हा कोरीवकामाचा शिक्षक. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे सांप्रतच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, दरवाजावर गव्हाच्या शेतातील कुळवाड्यांचे जे शिल्पपट्ट आहेत ते त्याचे. ही इमारत १८६९ साली पुरी झाली. मुंबईस मालासाठी वा खरेदीसाठी गेलेल्या आपल्यापैकी शेकडो लोकांनी त्या दरवाजाखालून ये-जा केली असेल. वर मान करून पाहिले असेल असे मात्र थोडेच. खाली फळांच्या पेट्या, हमाल व भावाची घासाघीस. वर ज्यांनी माल पिकविला ते दगडात. पुढे मंडईस जोतिबांचे नाव दिले गेले, तेव्हा दरवाजावरच्या त्या लोकांस त्यांचा मनुष्य भेटला असे म्हणण्यास हरकत नाही.

याच किपलिंगला १८७० साली सरकारने उत्तर हिंदुस्थानात पाठविले व तेथील कारागीर त्यांच्या कामावर बसलेले असे त्याने पेन्सिलीने काढून आणले. ही चित्रे लंडनच्या संग्रहालयात आहेत. कारागीर येथे खरोखर कामात आहेत, हे मान्य केले पाहिजे : मान खाली, पाय आवळून घेतलेले, नजर हत्यारावर. पुढे तो लाहोरास गेला आणि १८९१ साली हिंदुस्थानातील माणूस व जनावर यांच्या सहवासावर त्याने एक सचित्र ग्रंथ लिहिला. त्यात गाईबैलांवर, म्हशींवर व उंटांवर निरनिराळी प्रकरणे आहेत. मात्र तो मुंबईत दहा वर्षे राहूनही त्याचे लक्ष मुख्यत्वे हस्तकौशल्याकडे होते. कोरीव लाकूड, पितळ, नक्षी यांस इंग्लंडातील प्रदर्शनांत मागणी होती. वखराला कोठली मागणी?

आपल्या जिल्ह्याचा प्रकार तर याहून चमत्कारिक आहे. येथे एकोणिसाव्या शतकात उत्तम चित्रकार आले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल हा १८४४ सालापासून अजिंठ्यास राहून भिंतींवरील चित्रांच्या तेलरंगी नकला करीत होता. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनजवळच्या काचमहालास लागलेल्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स आपल्या कलाशाळेतील विद्यार्थी घेऊन लेण्यांत येऊ लागला. मध्ये खंड पडून हे काम १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे पुढे नाव काढलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. दैवाची गोष्ट अशी की, यांच्याही कित्येक नकला १८८५ साली लंडनमधल्या संग्रहालयाच्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने १८९६-९७ साली दोन मोठे खंड छापले. म्हणजे ज्या वर्षांत नुनेनला एक एकटा मनुष्य बटाटे काढणाऱ्या बायांच्या मागे शेतातून फिरत होता, त्याच वर्षांत आमच्या वाघूर नदीच्या खोऱ्यात मुंबईच्या शाळेतील निवडक तरुण हातात कुंचले घेऊन बसले होते. वरच्या अंगास लेणापूर, खाली फर्दापूर, आजूबाजूस शेते. त्यांस पाठविले होते ते भिंतीवरील राजे, राण्या, हत्ती व बोधिसत्त्व उतरवून घेण्यास, आणि ते काम त्यांनी निष्ठेने केले. त्याबद्दल त्यांस दोष देता येत नाही. अजिंठ्याची ती चित्रे आज भिंतीवर आणखी पुसट झाली असून जुन्या नकलांचा उपयोग अभ्यासकांस होतो. फक्त इतकेच म्हणावयाचे की, दीड हजार वर्षांपूर्वीच्या बैलाची नक्कल करण्यास सरकारजवळ पैसा होता, आणि लेण्यांवरच्या माळावर त्या दिवशी औत ओढणाऱ्या बैलाकडे कोणाची नेमणूक नव्हती.

देशी बाजारात तेव्हा काय चालत होते? राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. तेथील लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघर गेल्या, शेतकऱ्याच्याही घरी गेल्या. शेतकरी स्वतः मात्र कोणाच्या भिंतीवर गेला नाही, स्वतःच्या भिंतीवर तर नाहीच. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७ ते १९४४) हे याला काहीसे अपवाद; बाजारातील, रस्त्यावरील, कामावर निघालेल्या मराठी माणसांकडे त्यांची नजर होती व हात अतिशय चलाख होता. परंतु त्यांचा मुलूख मुख्यतः मुंबईचा.

येथे वाचक म्हणेल, आपल्याकडे शेतकऱ्याचे खरे चित्र कोणी काढलेच नाही काय? काढले, परंतु शब्दांनी. जोतिराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली लिहिला. त्यात शेतकऱ्याचे घर, गोठा व भांडीकुंडी यांचे जे वस्तुवार वर्णन आहे, ते वाचताना एखादा चोख पंचनामा वाचीत आहोत असे वाटते. फरक इतकाच की पंचनामा करणाऱ्याचे काळीज त्यात दिसत नाही आणि येथे ते दिसते. ज्या वर्षी हे पुस्तक पुण्यास लिहिले गेले त्याच वर्षाच्या अखेरीस तो हॉलंडातील चित्रकार नुनेनला पोचला. दोघांस एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही. जोतिरावांनी त्या ग्रंथात महसुली कामगारांस काय म्हटले आहे, ते आमच्यासारख्याने वाचताना मान वर करवत नाही; पण वाचावे. दुसरा ग्रंथ त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’, १९१५ सालचा. आत्रे स्वतः महसूल खात्यात होते, म्हणून त्याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो. बलुतेदार कोणते काम करितात, काय घेतात, कोठे नाडतात व कोठे नाडले जातात, हे त्यांनी गावात वावरून लिहिले.

शब्दांनी एवढे झाले असता चित्राची आवश्यकता काय? आवश्यकता आहे, आणि ती पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल. ‘मोट’ हा शब्द कोशात सापडतो : विहिरीतून पाणी काढण्याचे चामड्याचे साधन. परंतु उत्तरेकडील पुष्कळ भागांत चामड्याची पखाल वर आली म्हणजे विहिरीच्या तोंडाशी उभा असलेला दुसरा मनुष्य ती ओढून रिकामी करितो. आपल्याकडील मोटेस सोंड असते. जाड नाडा मोट वर आणतो, दुसरा बारीक दोर सोंड धरून ठेवितो, आणि मोट थारोळ्यावर आली की सोंड आपोआप खाली पडून पाणी ओतले जाते. दुसरा मनुष्य लागत नाही. बैल धावेच्या उतारावर पुढे जातात व पाणी पडल्यावर मागे पावले टाकीत चढतात. उतरताना मोटकरी नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचे वजन बैलांच्या मदतीस येते. हे सर्व आम्ही येथे सहा-सात ओळींत सांगितले, तरी ज्याने मोट पाहिली नाही अशा विशीतील मुलास ते उमगेल याची खात्री नाही. एक चांगले चित्र, बाजूने काढलेले, हे एका दृष्टिक्षेपात सांगेल. आणि तेच चित्र दुसऱ्या मुलखाच्या फोटोवरून नक्कल केलेले असेल तर विहिरीच्या तोंडाशी एक नको असलेला मनुष्य उभा राहील व आमची सोंड नाहीशी होईल.

अशा चुका आज सर्रास दिसतात. भिंतीवरच्या दिनदर्शिका, शाळांच्या भिंती, योजनांचे फलक पाहावेत. शेतकरी पांढऱ्याशुभ्र धोतरात हसत उभा, खांद्यावर नांगर. मागे उगवता सूर्य. बैलांच्या मानेवर जू आहे पण शिवळा नाहीत, म्हणजे दोन पावलांत बैल मोकळे. पेरणी दाखविली तर कमरेच्या झोळीतून मूठमूठ बी फेकणारा मनुष्य. ही पेरणी मिलेच्या व व्हॅन गॉगच्या मुलखातील आहे. तेथे फेकून पेरीत, म्हणून तेथे ती खरी. आमच्या ज्वारीची पेरणी तिफणीने. तीन फण, वर चाडे, त्यातून वेळूच्या नळ्या खाली गेलेल्या, आणि चाड्यावर धरलेली मूठ, जिच्यातून बी सारखे सुटले पाहिजे; जास्त सुटले तर दाटी, कमी सुटले तर खाडे. पेरणाऱ्याचे सर्व कसब त्या मुठीत असते व त्याचे डोळे पुढे बैलांवर असतात. मूठ एकीकडे, नजर दुसरीकडे. ही ठेवण ज्याने पाहिली नाही त्याने काढलेला पेरणारा हा केवळ रिकाम्या हाताचा मनुष्य होय.

महसुली दप्तरातही ही उणीव आहे. गाव नमुना बारामध्ये कोणत्या गटात कोणते पीक, किती क्षेत्र, जिरायत की बागायत, हे दरसाल लिहिले जाते. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून पीकपाहणी नोंदवावी अशी सोय झाली. म्हणजे आमच्या मुलखातील शेतांचे जितके फोटो या काही वर्षांत निघाले तितके त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत निघाले नसतील. त्या फोटोंत पेरा आहे, पेरणारा नाही. तसा तो असावा असा नियमही नाही. नियमाचे काम पिकापुरतेच आहे. पण उद्या कोणी या दप्तरावरून आमच्या काळचे शेतकाम कसे चालत असे हे शोधू गेला तर त्याच्या हाती कापसाची झाडे लागतील.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या भागात विहिरी खोल गेल्या, इंजिने व विजेचे पंप आले, आणि थोड्याच वर्षांत मोटा उतरल्या. पुढे ट्रॅक्टर आला, पेरणीयंत्र आले. तिफण गोठ्याच्या आढ्यास टांगली गेली व पुढे चुलीत गेली. हे वाईट झाले असे लेखकाचे म्हणणे नाही. मोट हाकणाऱ्याच्या पहाटेच्या गाण्याविषयी हळवे होऊन बोलणारे बहुधा ते असतात ज्यांनी थंडीत पहाटे मोट हाकली नाही. परंतु ज्यांनी हाकली, ज्यांस नाडा कसा बांधावा, रुमण्यावर किती जोर द्यावा, खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात कशी फिरवावी हे हातास ठाऊक आहे, ते सर्व आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर ती ठेवण जाईल. लाकूड संग्रहालयात ठेवता येते, आणि पुण्यास दिनकर केळकर यांनी जमविलेल्या संग्रहासारख्या ठिकाणी जुन्या वस्तू पाहावयास मिळतातही. पण वस्तू धरणारा हात तेथे नसतो.

यासाठी मोठा चित्रकार जन्मास येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या शाळांतून दरवर्षी हजारो मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांस बसतात. त्यांच्या वह्यांत घागर, पेला, पुस्तके यांची चित्रे भरपूर असतात. त्यांच्याच घरच्या आजोबांस अंगणात उभे करून, हाती रुमणे नसेल तर काठी देऊन, नांगर धरल्यासारखे उभे राहा असे सांगितले तर दोन्ही पिढ्यांची करमणूक होईल आणि कागदावर काही खरे उतरेल. आजोबा प्रथम लाजतील. मग मुलाने चुकीचे काढले की स्वतःच पुढे होऊन दाखवितील. आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी चित्र काढणारी मुले आहेत त्यांनी येत्या सुट्टीत हे करून पाहावे, अशी सूचना आहे.

काढताना थोडी पथ्ये पाळावीत. अवजार बाजूने काढावे, समोरून काढल्यास लांबी कळत नाही. शेजारी एक माणूस उभा काढावा, म्हणजे माप समजते. शिवाय मुख्य लांब्या फूट-इंचांत मोजून लिहाव्यात, विशेषतः तिफणीच्या दोन फणांमधील अंतर, कारण ते पिकाप्रमाणे बदलते. लाकूड बाभळीचे, सागवानाचे की लिंबाचे, हे विचारून टाकावे. प्रत्येक भागास घरात जे नाव चालते तेच लिहावे, पुस्तकातले नव्हे. गोदाकाठी एक नाव व अजिंठ्याच्या डोंगराकडे दुसरे असे आढळले तर दोन्ही लिहावीत. हात कोठे, पाय कोठे, वजन कोणत्या बाजूस, हे खोडरबराची पर्वा न करिता पुन्हा पुन्हा काढावे. चेहरा शेवटी काढावा, आणि जमला नाही तर सोडून द्यावा. कागदाच्या मागे गाव, तालुका, तारीख, अवजार कोणी घडविले हे ठाऊक असल्यास ते, आणि ज्याने करून दाखविले त्याचे वय लिहून ठेवावे. शिसपेन्सिल पुसली जाते. शेवटची रेघ शाईची असावी.